फायनलचा सातवा गेम आणि १० डॉलरचा साइन-अप बोनस: घ्यावा की सोडावा?

सिंहगड_ते_सॅनहोजे | शुक्र, २० जून २०२५, सकाळी ९:१२

मंडळी, काल रात्री इंडियाना पेसर्सनी ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्धचा सहावा गेम १०८-९१ असा मारला आणि मालिका ३-३ झाली. २०१६ नंतर पहिल्यांदाच एनबीएची (इथल्या बास्केटबॉल लीगची) फायनल सातव्या गेमला गेली आहे. रविवारी ओक्लाहोमा सिटीत निकाल.

आता प्रश्न. आमच्या कॅलिफोर्नियात स्पोर्ट्स बेटिंगला परवानगी नाही (२०२२ साली त्यासाठी मतदानाला ठेवलेले दोन्ही प्रस्ताव पडले), पण प्रेडिक्शन मार्केटची, म्हणजे पुढे काय घडेल यावर सौदे करायची ॲप्स इथे राजरोस चालतात. ऑफिसातल्या मित्राने त्याची रेफरल लिंक पाठवली आहे. खातं उघडायचं, एकूण १०० डॉलरचे सौदे करायचे, की १० डॉलर बोनस. तो म्हणतो, 'फुकटचे पैसे आहेत, थंडर घे आणि झोप.'

मी बास्केटबॉल मनापासून बघतो, पण पैसे कधी लावलेले नाहीत. हे नक्की चालतं कसं? १०० डॉलर धोक्यात न घालता ते १० मिळतात का? आणि एच-वन व्हिसावर असताना असं काही केलेलं चालतं का? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

निवांत | ९:२०

वाचतोय. मलाही अशीच लिंक आली आहे, फक्त वेगळ्या मित्राकडून.

आकडेमोड_ताई | १०:०५

मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या वेळी मी हे केलं आहे, म्हणून नीट लिहिते.

प्रत्येक काँट्रॅक्टची शेवटची किंमत एक तर १ डॉलर, नाहीतर शून्य. 'रविवारी थंडर जिंकेल' हे काँट्रॅक्ट ७५ सेंटला मिळत असेल, तर बाजाराच्या मते थंडरची शक्यता साधारण ७५ टक्के. जिंकले तर तुम्हाला २५ सेंट सुटतात, हरले तर ७५ जातात. समोर बुकी नसतो. तुमच्यासारखाच कुणीतरी, किंवा एखादी मोठी ट्रेडिंग कंपनी, उलट बाजू घेऊन बसलेली असते. ॲप मधल्यामध्ये फी घेतं.

ही फी लोक विसरतात. कल्शी या ॲपचं सूत्र असं: ०.०७ × काँट्रॅक्ट × भाव × (१ − भाव), आणि वरच्या सेंटला पूर्ण. म्हणजे भाव ५० सेंट असताना फी सगळ्यात जास्त, १०० काँट्रॅक्टला १.७५ डॉलर. ९० सेंटला तीच ६३ सेंट.

आता तुमचा प्रश्न. समजा थंडर ७५ ला मिळतंय आणि पेसर्स २६ ला. दोन्हीचे शंभर-शंभर घेतले तर ७५ + २६ = १०१ डॉलर. कुणीही जिंकलं तरी १०० परत येणार. फी १.३२ + १.३५ = २.६७. म्हणजे खर्च १०३.६७, परत १००, वर बोनस १०. हातात ६ डॉलर ३३ सेंट. कोण जिंकतं याच्याशी तुमचा संबंध उरत नाही.

अट एकच: बोनसच्या अटी अथपासून इतिपर्यंत वाचा. दोन्ही बाजू घेतलेले सौदे काही ठिकाणी धरत नाहीत. काही ठिकाणी बोनस थेट काढता येत नाही, आधी त्याचे सौदे करावे लागतात. तसं असेल तर वरचं गणित कोलमडतं.

एडिसनचे_काका | १०:४०

ताईंनी गणित छान मांडलं आहे. पण याला सट्टा म्हणायला एवढा संकोच का? माझं बालपण डिलाइल रोडच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत होते. तेव्हाची वडीलधारी माणसं सांगायची, की मटक्याच्या आधी न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचा उघडता आणि बंद भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचा आणि त्यावर लोक आकडा लावायचे. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघायला लागल्या. न्यूयॉर्कच्या कापसावर आमच्या गल्लीतली माणसं पगार उडवत होती, तिथला बाजार कशाशी खातात हे माहीत नसताना. पगाराच्या दिवशी आई जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची, वडील वर येईपर्यंत. ते मी विसरलेलो नाही.

तेव्हाही भाव 'अधिकृत' एक्स्चेंजचाच होता.

डंक_मास्तर | ११:१५

काका, आदर राखून असहमत. मटक्यात आकडा काढणारा आणि पैसे घेणारा एकच. इथे एक्स्चेंज सीएफटीसीच्या (वायदे बाजारावरच्या फेडरल नियामकाच्या) नियमाखाली आहे, पैसे वेगळ्या खात्यात राहतात, भाव सगळ्यांना दिसतो. कल्शीला २०२० मध्ये एक्स्चेंजची मान्यता मिळाली, २०२४ मध्ये निवडणुकीच्या काँट्रॅक्टवरून त्यांनी सीएफटीसीलाच कोर्टात हरवलं आणि या जानेवारीपासून खेळांची काँट्रॅक्ट सुरू केली. मार्चमध्ये नेवाडा आणि न्यूजर्सीने बंद करण्याच्या नोटिसा काढल्या, तर एप्रिलमध्ये दोन्हीकडच्या फेडरल कोर्टांनी राज्यांनाच तात्पुरतं थांबवलं. वाद अजून मिटलेला नाही हे मान्य. पण आजच्या घडीला, म्हणजे जून २०२५ मध्ये, यात बेकायदेशीर काही नाही.

आणि स्पोर्ट्सबुकशी, म्हणजे नेहमीच्या बेटिंग कंपनीशी तुलना करा. तिथे −११० च्या भावाने (१०० जिंकायला ११० लावून) खेळलात तर नुसती बरोबरी साधायलाच ५२.४ टक्के वेळा जिंकावं लागतं. तिथे सतत जिंकणाऱ्याला हळूच लहान रकमेवर आणून ठेवतात. इथे कुणी हाकलत नाही.

एडिसनचे_काका | ११:३१

कायदेशीर आहे की नाही, हा माझा मुद्दाच नव्हता मास्तर. बोनस कोण देतं आणि कशासाठी देतं, एवढंच विचारतोय.

हूजर_वहिनी | दुपारी १२:१०

तुमचं गणित चालू द्या, मी इंडियानापोलिसहून लिहितेय आणि काल रात्रभर झोपलेली नाही! एकवीस वर्षं या गावात आहे. पेसर्सकडे एबीए या जुन्या लीगच्या तीन चॅम्पियनशिप आहेत, १९७०, ७२, ७३ च्या. एनबीएची एकही नाही. २००० मध्ये रेजी मिलरची टीम लेकर्सकडून ४-२ हरली. तेव्हा मी इथे नव्हते, पण शेजारचे आजोबा आजही तो विषय निघाला की उठून आत जातात.

काल आमचा हुकमी खेळाडू हॅलिबर्टन पोटरी दुखावलेली असताना खेळला. पाचव्या गेममध्ये लंगडत होता, सगळ्यांनी पाहिलंय. पिवळ्या टी-शर्टांनी भरलेलं अख्खं स्टेडियम तो चेंडू घेऊन निघाला की श्वास रोखून बसत होतं.

आकडेमोड ताई, पेसर्स २६ सेंटला मिळतायत म्हणता? पहिल्या गेमला लोकांनी काय भाव लावला होता, विचारा कुणाला तरी.

फ्री_थ्रो | १२:४८

वहिनी, मला विचारा.

मी डॅलसला असतो. ५ जूनला, पहिल्याच गेमला, मी नेमकं हेच केलं. बोनससाठी १०० डॉलरचे सौदे हवे होते. डोकं असं चालवलं, की गेम संपत आला की हमखास जिंकणारी टीम घ्यायची, म्हणजे धोकाच नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये थंडर १५ पॉइंटने पुढे होते. आघाडी थोडी कमी झाली तेव्हा भाव ९२ झाला. मला वाटलं स्वस्तात मिळतंय. ११० काँट्रॅक्ट घेतले, १०१ डॉलर २० सेंट. फी ५७ सेंट.

मग आघाडी आठ, पाच, तीन अशी घसरत गेली. भाव पडत होता तसतसं वाटत होतं, आत्ता विकलं तर नुकसान पक्कं होईल, थांबूया. शेवटी ०.३ सेकंद उरले असताना हॅलिबर्टनने उजवीकडून उडी मारून चेंडू बास्केटमध्ये टाकला. १११-११०. अख्ख्या गेममधली इंडियानाची ती पहिली आघाडी होती, आणि तीच शेवटची. माझ्या स्क्रीनवर आकडा हळूहळू उतरला नाही, एकदम शून्य झाला.

दोन दिवसांनी बोनस जमा झाल्याची ईमेल आली. १० डॉलर. वरती फुगे उडत होते. एकूण ९१ डॉलर ७७ सेंट गेले.

रक्कम मोठी नाही, पण त्या दिवशी मी बायकोला सांगितलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

निवांत | १२:५५

फ्री_थ्रो, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. आजच रात्री मी असाच ९५ चा काहीतरी सौदा करणार होतो.

आकडेमोड_ताई | दुपारी १:३०

फ्री_थ्रो यांचा प्रतिसाद प्रत्येकाने दोनदा वाचावा. ९२ म्हणजे 'झालंच' असं नाही. बाजार स्वतःच सांगतोय, की अशा शंभरातले आठ गेम उलटतात. आठ डॉलरसाठी ब्याण्णव लावायचे आणि त्याला सुरक्षित म्हणायचं, हा माणसाच्या मनाचा जुना घोळ आहे. बोनसची मुदत डोक्यावर असली की तो आणखी वाढतो.

मधेच विकता येतं का, असं एकाने व्यक्तिगत निरोपातून विचारलंय. येतं. पण घेताना फी आणि विकताना पुन्हा फी, शिवाय घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक. गेम ऐन रंगात असताना तो फरक दोन-तीन सेंटांवर जातो. म्हणून दोन्ही बाजू घ्यायच्या तर गेम सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, शांतपणे घ्या.

कोथरूडकर | १:४२

मी पुण्यातून हे करू शकतो का? इथल्या ओपिनियन ट्रेडिंगवाल्यांपेक्षा (हो-नाही प्रश्नांवर पैसे लावायच्या ॲपपेक्षा) हे बरं वाटतंय.

टॅक्स_वाल्या_काकू | दुपारी २:२०

@कोथरूडकर, नका करू. सध्या (जून २०२५) खातं उघडायला इथला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. भावाच्या नावावर खातं उघडून तुम्ही चालवणं म्हणजे नियमभंग, आणि फेमाखाली (भारताच्या परकीय चलन कायद्याखाली) लॉटरी, सट्टा असल्या कामांसाठी भारतातून पैसे बाहेर पाठवायलाच मनाई आहे. तिथल्या ओपिनियन ट्रेडिंगबद्दल सेबीने २९ एप्रिललाच इशारा दिलाय, की ते आमच्या अखत्यारीत येत नाही आणि गुंतवणूकदाराला असतं ते संरक्षण तिथे नाही. तोही वाचा.

@सिंहगड, बोनस हे उत्पन्न आहे. २०२५ च्या नियमाने ६०० डॉलरच्या आत असला तर बहुधा कराचा फॉर्म येणार नाही, पण फॉर्म आला नाही म्हणून दाखवायचं नाही असं नसतं. सौद्यांच्या नफ्या-तोट्यावर कर नक्की कोणत्या खात्यात धरायचा यावर आमच्यातच दोन मतं आहेत. तुम्ही फक्त सगळी स्टेटमेंट उतरवून ठेवा.

एच-वनबद्दल: स्वतःच्या पैशाने सौदे करणं म्हणजे नोकरी नव्हे, जसे शेअर घेता तसंच. पण तुमच्या मित्रासारखं लिंका वाटून रेफरलचे पैसे गोळा करणं हे काम करून मोबदला घेण्याच्या जवळ जातं. त्या भानगडीत पडू नका, आणि खात्री हवी तर वकिलाला विचारा.

डंक_मास्तर | २:४५

२०१६ चं नाव निघालंय म्हणून जरा अवांतर. तो सातवा गेम मी ओकलंडमध्ये, वॉरियर्सच्या घरच्या मैदानावर, वरच्या शेवटच्या रांगेतून पाहिला होता. ८९-८९ वर टीम अडकल्या, आणि मिनिटामागून मिनिट गेलं तरी कुणालाच बास्केट होईना. आजूबाजूचे हजारो लोक उभे होते आणि कुणी बोलत नव्हतं. मग पाहुण्या क्लीव्हलंडच्या कायरी अर्व्हिंगचा तो थ्री, तीन पॉइंटचा शॉट. ९३-८९. पार्किंगमधून गाडी काढताना कुणीही हॉर्न वाजवला नाही. तेव्हा माझे पैसे लागलेले असते तर मला यातलं काय आठवलं असतं, कोण जाणे.

पालक_फ्रीमाँट | संध्याकाळी ६:०५

मी इथे सहसा लिहीत नाही, पण आज लिहिते.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, दुसऱ्या राज्यात शिकतो. बहुतेक राज्यांत स्पोर्ट्सबुकला एकवीस पूर्ण लागतात. या ॲपना अठरा पुरतात. त्याच्या डॉर्ममधल्या सगळ्यांनी बोनससाठी एकमेकांच्या लिंका वापरून खाती उघडली. सुरुवात १० डॉलरनेच झाली. मे महिन्यात तो घरी आला तेव्हा जेवताना त्याचा एक हात सतत टेबलाखाली. मला वाटलं मैत्रीण असेल. वाकून पाहिलं तर हिरवे-लाल आकडे, आणि ते ज्या गेमचे होते तो गेम आमच्या टीव्हीवर लागलेलासुद्धा नव्हता. उन्हाळी नोकरीतून बाजूला ठेवलेल्यातले अकराशे डॉलर गेले होते.

तो वाईट मुलगा नाही. आम्ही १-८००-गँबलर या नंबरवर फोन केला (अंक १-८००-४२६-२५३७). पलीकडच्या बाईंनी अर्धा तास नीट ऐकून घेतलं, उपदेश केला नाही. आता तो आठवड्यातून एकदा एका गटात जाऊन बसतो.

ताईंचं गणित बरोबर आहे. पण ते गणित करून सहा डॉलर घेऊन बाहेर पडणारे किती असतील? ॲपला ते सहा डॉलर देणं परवडतं, कारण बाकीचे थांबतात. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी हेच वाटतं.

डंक_मास्तर | ६:४०

ताई, मी सकाळी कायद्याचं बोलत होतो. हे वाचून गप्प झालो. वयाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. आज जेवताना विषय काढतो.

एडिसनचे_काका | रात्री ८:१५

फ्रीमाँटच्या ताई, तुम्ही टेबलाखाली वाकून पाहिलंत, हे फार मोठं काम केलंत. मुलाला आशीर्वाद सांगा.

आकडेमोड_ताई | रात्री ९:००

मान्य, पूर्ण मान्य. माझ्या वरच्या प्रतिसादात एक ओळ राहिली ती आता घालते: बोनस मिळाला की पैसे काढा आणि खातं बंद करा, त्याच दिवशी. मी मार्चमध्ये दोन आठवडे थांबले होते. त्या दोन आठवड्यांत मी ज्यांची नावंही ऐकली नव्हती अशा कॉलेजांचे गेम रात्री एकपर्यंत बघत बसले.

हूजर_वहिनी | रवि, २२ जून, संध्याकाळी ७:५०

आमच्याकडे चाळीस माणसं जमली आहेत. मसालेभात झालाय. शेजारचे आजोबा पण आलेत. चलो पेसर्स!

निवांत | रात्री ८:२९

हॅलिबर्टन काय पेटलाय! तीन थ्री टाकले!

निवांत | ८:३४

अरे देवा. पडला. कुणी धक्काही दिला नाही, नुसता पुढे निघाला आणि कोसळला. जमिनीवर हात आपटतोय.

फ्री_थ्रो | ८:३६

अकिलीस, टाचेमागची शीर गेली असं वाटतंय. पहिल्या क्वार्टरची अजून जवळपास पाच मिनिटं बाकी आहेत. या मुलाच्या शॉटने माझे पैसे गेले होते, पण हे असं बघवत नाही हो.

निवांत | ९:२०

हाफ टाइमला ४८-४७, पेसर्स पुढे! त्याच्याशिवाय!

डंक_मास्तर | रात्री १०:४१

१०३-९१ थंडर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये गेम हातातून गेला. शे गिल्जस-अलेक्झांडर २९ पॉइंट, १२ असिस्ट. ओक्लाहोमाला आल्यापासूनची त्यांची पहिली चॅम्पियनशिप. त्याआधीची १९७९ ची, तीही टीम सिएटलला होती तेव्हाची. वहिनी, तुमची टीम फार मोठ्या मनाने खेळली.

सिंहगड_ते_सॅनहोजे | बुध, २५ जून, सकाळी ८:३०

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

अटी वाचल्या. माझ्या ॲपवर दोन्ही टीम घेतलेलं चालत होतं आणि बोनस थेट काढता येत होता. शनिवारी सकाळी थंडरचे १०० काँट्रॅक्ट ७६ ला घेतले. पेसर्स २५ ला मिळत होते. वाटलं, एक सेंट वाचवूया, म्हणून २४ ची ऑर्डर लावून ठेवली. ती लागेना. भाव २५ चा २६ झाला. अकरा मिनिटं माझ्याकडे फक्त थंडर होते. त्या अकरा मिनिटांत मी तीन वेळा विचार केला, की राहू दे, थंडर जिंकणारच आहेत, दुसरी बाजू कशाला घ्यायची? उठून पाणी प्यायलो आणि २६ ला घेऊन टाकले. ७६ + २६ + फी २.६३, एकूण १०४.६३.

गेमच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा असं ठरवलं होतं, तो ठेवला नाही. हॅलिबर्टन पडला तेव्हा टीव्हीवर अजून त्याच्या मागून कॅमेरा धावत होता, आणि माझ्या हातातल्या फोनवर थंडरचा भाव वर उडाला होता. माझं तर दोन्हीकडे सारखंच होतं, एक पैसा इकडचा तिकडे होणार नव्हता. तरी मी त्या मुलाकडे बघायच्या आधी आकड्याकडे पाहिलं. तिथेच फोन पालथा टाकला.

बोनस काल आला. १०० परत, १० बोनस, वजा १०४.६३. एकूण ५ डॉलर ३७ सेंट. आज सकाळी पैसे बँकेकडे पाठवले आणि खातं बंद करायची विनंती टाकली. मित्राला सांगितलं, की तुझी लिंक पुढे पाठवणार नाही. त्याला हा धागा पाठवला आहे.

वहिनी, आजोबा कसे आहेत?

हूजर_वहिनी | सकाळी ९:०५

शेवटचा बझर वाजेपर्यंत बसले होते. या वेळी उठून आत गेले नाहीत. जाताना मसालेभाताचा डबा मागून घेतला. सोमवारी हॅलिबर्टनचं ऑपरेशन झालं त्याची बातमी त्यांनीच मला फोन करून सांगितली.